हेल्मेटसक्ती : डोके आपले, प्रश्न सर्वांचा

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय ठराविक काळाने डोके वर काढतो आणि तेवढ्याच नियमितपणे बारगळतो. मोहीम जाहीर होते, चौकाचौकांत कारवाई सुरू होते, वर्तमानपत्रांचे पत्रव्यवहाराचे रकाने भरून जातात, मोर्चे निघतात, लोकप्रतिनिधी मध्यस्थी करतात आणि काही महिन्यांत हेल्मेट पुन्हा माळ्यावर जाऊन बसते. १ जानेवारी २०१९ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांच्या कारकिर्दीत शहरात ही सक्ती गांभीर्याने राबवण्यास प्रारंभ झाला, तेव्हाही हेच घडले. हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी जून महिन्यात शहरातील आमदारांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि त्यानंतर कारवाईची धार बोथट झाली.

हा केवळ पुणेकरांच्या स्वभावाचा भाग म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हेल्मेटमुळे खरोखरच जीव वाचतो का, हा पहिला प्रश्न. वाचत असला तरी ते घालण्याची सक्ती करण्याचा सरकारला नैतिक अधिकार आहे का, हा दुसरा. आणि असा अधिकार असला तरी तो आज ज्या पद्धतीने बजावला जातो ती पद्धत योग्य आहे का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने द्यायचे आहे, दुसऱ्याचे विवेकाने आणि तिसऱ्याचे प्रशासनाने. चर्चेत मात्र तिसऱ्या प्रश्नावरचा राग पहिल्या प्रश्नावर काढला जातो आणि पोलिसांच्या पावतीवरील नाराजी हेल्मेटच्या उपयुक्ततेवरील शंकेचे रूप घेते. म्हणून हे तिन्ही प्रश्न सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

कायदा काय सांगतो?

हेल्मेटसक्ती हा एखाद्या पोलीस आयुक्ताच्या मनात आलेला विचार आहे, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः ही सक्ती संसदेच्या कायद्यात आहे आणि ती जुनी आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ साली दुरुस्ती करून हेल्मेटविषयीचे कलम ८५-अ घालण्यात आले. पुढे १९८८चा नवा मोटार वाहन कायदा आला आणि त्याच्या कलम १२९ मध्ये ही तरतूद कायम राहिली. सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल चालवणाऱ्या किंवा तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने भारतीय मानक ब्युरोच्या मानकांनुसार बनवलेले शिरस्त्राण घातले पाहिजे, असे हे कलम सांगते. साइडकारमध्ये बसणाऱ्यांना आणि पगडी परिधान केलेल्या शिखांना त्यातून वगळण्यात आले होते. ‘बसणाऱ्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालणे ही काही अलीकडची कल्पना नव्हे. मुंबईत वाहतूक पोलिसांनी मे २०२२ मध्ये सहप्रवाशांवरही कारवाई होईल असे जाहीर केले, तेव्हा अनेकांना तो नवा नियम वाटला. प्रत्यक्षात नवी होती ती अंमलबजावणी.

मूळ कलमात आणखी एक वाट होती. राज्य सरकारांना आपापल्या नियमांद्वारे अपवाद करण्याची मुभा होती. तिचाच आधार घेऊन देशात ठिकठिकाणी हेल्मेटची सक्ती पातळ झाली. दिल्लीत स्त्रियांना दीर्घकाळ सूट होती. २०१४ मध्ये ती शीख स्त्रियांपुरती मर्यादित करण्यात आली. २०१९च्या दुरुस्तीने कलम १२९ नव्याने लिहिले गेले. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला हेल्मेट बंधनकारक झाले आणि नव्या कलम १९४-ड नुसार उल्लंघनासाठी एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याची अपात्रता अशी तरतूद झाली. त्याआधी अशा गुन्ह्याला पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड असे. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चालकाशी त्याला बांधणारा सुरक्षापट्टा हवा आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नको, असा त्यांचा आशय आहे.

या सक्तीची घटनात्मक कसोटीही झालेली आहे. आंध्र प्रदेशातील हेल्मेटच्या नियमाला आव्हान देणारे अजय कानू विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. देशात मुक्तपणे संचार करण्याच्या मूलभूत हक्कावर हा नियम घाला घालतो, असा युक्तिवाद होता. १९८८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. हा नियम संचार रोखत नाही, उलट दुचाकीस्वाराचा प्रवास सुरक्षित करतो, आणि त्याला निर्बंध म्हणायचे झाले तरी तो लोकहितासाठी घातलेला वाजवी निर्बंध आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. सक्ती कायदेशीर आहे की नाही, हा वाद त्यामुळे मिटलेला आहे. ती शहाणपणाची आहे की नाही, हाच काय तो प्रश्न उरतो.

पडणारे डोके आणि वेगाचा हिशेब

‘शहरात वेगच कुठे असतो? तीस-चाळीसच्या पुढे गाडी जात नाही, मग हेल्मेट कशाला?’ हा विरोधकांचा सर्वांत लोकप्रिय प्रश्न आहे. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे.

दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी घसरली किंवा कलंडली, की ते डोके या उंचीवरून खाली येते. दीड मीटरवरून मुक्तपणे पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. येथे गाडीच्या वेगाचा संबंधच नाही. गाडी अगदी हळू चालली असली तरी गुरुत्वाकर्षण आपले काम करते. त्यात पुढे जाण्याच्या वेगाची भर पडली आणि डोके दुभाजकाला, पदपथाच्या कडेला किंवा समोरच्या वाहनाला थेट आदळले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाचा आघात हा सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडण्याइतका असतो. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून डोक्यावर पडायला कोणीही तयार होणार नाही. ‘फक्त चाळीसचा वेग’ म्हणताना मात्र तेच आपण क्षुल्लक मानतो.

आघातात कवटी फुटणे हा धोक्याचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक फसवा असतो. मेंदू कवटीत द्रवाच्या वेष्टनात असतो. डोके एकाएकी थांबले तरी मेंदू पुढे जाऊ पाहतो, कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो, पिळवटला जातो. रक्तवाहिन्या फाटून कवटीच्या आत रक्त साचू लागते. बाहेरून जखम दिसत नाही, माणूस उठून बोलतो, प्रसंगी घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. कवटी ही बंद पेटी असल्याने आत साचणाऱ्या रक्ताला पसरायला जागा नसते, म्हणून ते मेंदूलाच दाबते. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांची स्मृती, वाचा, हालचाल किंवा स्वभाव पूर्ववत होत नाही. हाड मोडले तर जुळते, मेंदूच्या पेशींचे तसे नाही.

हेल्मेट येथे नेमके काय करते? त्याचे बाहेरचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न राहू देता मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. पण खरे काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा थर. आघात होताच तो चिरडला जातो आणि चिरडताना डोक्याला थांबायला थोडे अंतर व थोडा वेळ मिळवून देतो. उघडे डोके डांबरावर आदळले तर ते अवघ्या काही मिलिमीटरमध्ये थांबते. तेच डोके अडीच सेंटिमीटर थर चिरडत थांबले, तर थांबण्याचे अंतर जवळपास दहापट होते आणि डोक्यावर येणारे सरासरी बल त्याच प्रमाणात घटते. जगणे आणि मरणे यांतील फरक अनेकदा या दोन-अडीच सेंटिमीटरचा असतो.

यातूनच तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. हा थर एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलले पाहिजे. थर नसलेली, केवळ प्लास्टिकची टोपी पोलिसांपासून वाचवते, रस्त्यापासून नव्हे. आणि हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्याच हिसक्याला डोक्यावरून उडून जाते. आरशाला अडकवलेल्या, कोपरात घातलेल्या किंवा पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटबद्दल तर बोलायलाच नको.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवरचे होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर शंभरांतील ४४ ते ४५ जण दुचाकीस्वार किंवा त्यांचे सहप्रवासी. हेल्मेट न घातलेल्यांच्या मृत्यूंची संख्या ५० हजार २९ होती. त्यांत ३५ हजार ६९२ चालक आणि १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. रस्ते अपघातांत जीव गमावणाऱ्या दर तीन व्यक्तींपैकी जवळपास दोघे १८ ते ४५ या वयोगटातले असतात. कमावत्या, लहान मुले असलेल्या, वृद्ध आईवडील सांभाळणाऱ्या माणसांचे हे वय आहे.

या आकड्यांवर विरोधक एक रास्त प्रश्न विचारतात. दुचाकीवरील मृतांत जवळपास एक तृतीयांश लोक हेल्मेट न घातल्याच्या रकान्यात नाहीत. मग हेल्मेटचा उपयोग काय? प्रश्न रास्त असला तरी निष्कर्ष चुकीचा आहे. केवळ मृतांच्या संख्येवरून परिणाम कळत नाही. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले आणि न घालता सापडलेले, अशा दोन्ही गटांत किती दगावले आणि किती वाचले, याची तुलना करावी लागते. अशी तुलना जगभरातील संशोधकांनी केली आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २००८च्या आढाव्यात ६१ अभ्यास तपासण्यात आले. अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ हेल्मेट हे अमरत्वाचे कवच नव्हे. छातीवरून ट्रकचे चाक गेले तर डोक्यावरचे हेल्मेट काय करणार? तरीही ४२ टक्के हे प्रमाण ५० हजार २९ या संख्येला लावून पाहिले तर एका वर्षात सुमारे २१ हजार जीव, म्हणजे दिवसाला पन्नासहून अधिक, असा ढोबळ हिशेब निघतो. परदेशी अभ्यासांतील प्रमाण आपल्याकडे तंतोतंत लागू होईलच असे नाही. हेल्मेटचा दर्जा, ते घालण्याची रीत, रुग्णालयात पोचण्याचा वेळ यांनी फरक पडेल. हा आकडा अर्ध्यावर आणला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

जगाचा अनुभव

हेल्मेटच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभ एका प्रसिद्ध मृत्यूने झाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि डोक्याच्या इजेने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. या प्रकारचे मृत्यू टाळता येतील का, याचा केर्न्स यांनी पुढे पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांवर शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडले. त्याआधी १९६१ मध्येच ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने असा कायदा केला होता.

सक्ती काढून घेतल्यावर काय होते, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथे १९६६ मध्ये केंद्राने महामार्ग निधीची अट घातल्यामुळे १९७५ पर्यंत बहुतेक सर्व राज्यांत हेल्मेटचे कायदे झाले. १९७६ मध्ये ती अट निघाली आणि अनेक राज्यांनी कायदे मागे घेतले किंवा सौम्य केले. फ्लोरिडा राज्याने २००० साली २१ वर्षांवरील विमाधारकांना सूट दिली. त्यापूर्वीच्या तीन वर्षांत, म्हणजे १९९७ ते १९९९ या काळात, तेथे ५१५ मोटारसायकलस्वार दगावले होते. २००१ ते २००३ या तीन वर्षांत ही संख्या ९३३ झाली. या काळात मोटारसायकलींची नोंदणीही सुमारे एक तृतीयांशाने वाढली, हे खरे. पण मृत्यूंतील वाढ ८१ टक्के होती.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण व्हिएतनामचे आहे. उष्ण हवामान, दाट वस्तीची शहरे, संपूर्ण कुटुंबाचे वाहन म्हणून वापरली जाणारी दुचाकी, मध्यम उत्पन्न. सारे काही ओळखीचे वाटावे असे. तेथे आधी काही महामार्गांपुरती असलेली सक्ती १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर लागू झाली. आधी व्यापक प्रचार, मग ठरलेल्या दिवसापासून विनाअपवाद दंड, असे धोरण होते. काही आठवड्यांतच मोठ्या शहरांत हेल्मेटचा वापर ९० टक्क्यांच्या वर गेला. निवडक रुग्णालयांतील नोंदींनुसार पहिल्या तीन महिन्यांत अपघातग्रस्तांना डोक्याची इजा होण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी घटला. कायद्यातील उणिवाही तेथेच उघड झाल्या. हेल्मेटच्या वजनाने मुलांच्या मानेला इजा होते अशी अफवा पसरल्याने पालक स्वतः हेल्मेट घालत आणि मुलांना उघड्या डोक्याने नेत. सुमार दर्जाच्या हेल्मेटनीही बाजारपेठ व्यापली. म्हणूनच तेथील परिणाम कॉक्रेनच्या आकड्यांइतका मोठा दिसला नाही.

आक्षेपांची छाननी

हेल्मेटने मान दुखते, मणक्याचे विकार जडतात, ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, केस गळतात, घामाने जीव नकोसा होतो, अशी तक्रारींची यादी मोठी आहे. यांतील प्रत्येक तक्रार सारख्या वजनाची नाही.

अपघातात हेल्मेटमुळे मानेची इजा वाढते, हा समज अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. दृष्टीविषयी बोलायचे तर अमेरिकी मानकानुसार हेल्मेटमध्ये नाकासमोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दिसले पाहिजे. काचेवर ओरखडे पडलेले, मापाहून मोठे, डोक्यावर गरगर फिरणारे हेल्मेट दृष्टीला अडथळा करते, यात शंका नाही. पण तो दोष त्या हेल्मेटचा आहे. ऐकण्याच्या बाबतीत, कर्ण्यांच्या कोलाहलात उघड्या कानांना तरी किती वेगळे ऐकू येते? उकाडा मात्र खरा आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात दुपारी हेल्मेट घालणे हा त्रासच आहे. तथापि त्याच उन्हात डोक्याला आणि चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून लाखो स्त्री-पुरुष दुचाकी चालवतात, हेही आपण पाहतो. ऊन आणि धुळीपासून बचावासाठी जो त्रास सोसता येतो, तो जिवासाठी अशक्य कसा होतो, याचा विचार ज्याने त्याने करावा. हवेशीर, हलक्या वजनाची हेल्मेट हे या तक्रारीचे खरे उत्तर आहे.

आक्षेपांचा दुसरा गट अधिक गंभीर आहे. ‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट सांगा’, ‘बससेवा सुधारा, दुचाक्या आपोआप कमी होतील’, ‘मद्यपी आणि उलट्या दिशेने येणारे मोकाट, आणि दंड आम्हांला’. या मागण्या शंभर टक्के रास्त आहेत. पुण्यासारखे एकेकाळचे सायकलींचे शहर दुचाकींचे शहर बनले, त्यामागे विश्वासार्ह सार्वजनिक वाहतुकीचा अभाव हे मोठे कारण आहे आणि त्याची जबाबदारी नागरिकांच्या डोक्यावर टाकता येणार नाही. पण या मागण्यांमधला ‘आधी’ हा शब्द तपासून घ्यायला हवा. खड्डे बुजवले जाईपर्यंत खड्ड्यात पडणाऱ्याचे डोके उघडे असावे, असा त्याचा अर्थ होतो. रस्ता जितका वाईट, तितकी हेल्मेटची गरज अधिक. खड्ड्यांसाठी महापालिकेला धारेवर धरणे आणि स्वतः हेल्मेट घालणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

‘महामार्गावर सक्ती करा, शहरात नको’ ही तडजोडही वारंवार पुढे येते. गुजरात सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक करण्याचा निर्णय जाहीर केला होता. टीका झाल्यावर आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर पुढच्याच महिन्यात सरकारने माघार घेतली. कमी वेगाचा युक्तिवाद कसा अपुरा आहे हे वर आलेच आहे. शिवाय पुणे, नाशिक किंवा नागपूर यांसारख्या शहरांच्या पोटातूनच महामार्ग जातात. शहर कोठे संपले आणि महामार्ग कोठे सुरू झाला, हे हेल्मेट घालण्यासाठी स्वाराने कसे ओळखायचे?

स्वातंत्र्याचा मुद्दा

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. हेल्मेट उपयुक्त आहे हे मान्य करूनही कोणी म्हणू शकेल, की डोके माझे आहे, फुटले तर माझे फुटेल, सरकारने त्यात पडू नये. हा युक्तिवाद उथळ नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या स्वातंत्र्याच्या तत्त्वाचा तो थेट वारस आहे. दुसऱ्यांची हानी टाळण्यासाठीच समाजाने व्यक्तीवर बळजबरी करावी, तिच्या स्वतःच्या भल्यासाठी करू नये, असे मिल यांचे प्रतिपादन होते. आगरकरांच्या पिढीला मिलने घडवले. त्यामुळे महाराष्ट्राच्या वैचारिक परंपरेलाही हा युक्तिवाद परका नाही.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले म्हणजे, फुटलेले डोके केवळ ‘माझे’ राहत नाही. अपघात घडताच रस्त्यावरून उचलून नेण्यापासून शासकीय रुग्णालयातील खाटेपर्यंत समाजाची यंत्रणा कामाला लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हेल्मेट कायद्याला १९७२ मध्ये दिलेले आव्हान तेथील न्यायालयाने याच कारणाने फेटाळले होते. आपल्याकडे तर या साखळीत समाजाच्याही आधी कुटुंब येते. अतिदक्षता विभागाचे बिल भागवण्यासाठी दागिने मोडणारी, जमीन गहाण ठेवणारी, शिक्षण सोडून कामाला लागणारी माणसे त्या डोक्याची भागीदार असतात. निर्णयात मात्र त्यांना विचारलेले नसते.

हे उत्तर प्रभावी असले तरी त्याला मर्यादा आहे. याच न्यायाने धूम्रपान, गोड खाणे, गिर्यारोहण यांवरही बंदी आणता येईल. मग रेषा कोठे आखायची? येथे दुसरे उत्तर उपयोगी पडते. सक्तीचे ओझे किती, त्यातून होणारा लाभ किती आणि ज्या कृतीवर सक्ती होते ती कोठे घडते, असे तीन निकष लावता येतात. हेल्मेट घातल्याने कोणाचा प्रवास, व्यवसाय, श्रद्धा किंवा जीवनशैली बदलत नाही. गैरसोय काही मिनिटांची असते, लाभ मात्र जिवाचा. शिवाय दुचाकी चालवणे ही घरातली खासगी कृती नव्हे. परवाना घेऊन, सार्वजनिक रस्त्यावर, इतर अनेक नियमांच्या अधीन राहून केलेली ती कृती आहे. गिर्यारोहकाला डोंगर चढू नको म्हणणे आणि दुचाकीस्वाराला डोके झाकून जा म्हणणे, यांत मोठे अंतर आहे.

मिल यांनीच दिलेले एक उदाहरण येथे सूचक आहे. मोडकळीला आलेल्या पुलावर कोणी नकळत पाऊल टाकत असेल आणि सावध करायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे खेचण्याने त्याचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही, कारण नदीत पडावे अशी त्याची इच्छा नसते. धोक्याची पूर्ण जाणीव असलेल्याला मात्र केवळ सावध करावे, असेही मिल सांगतात. हेल्मेटविना निघालेल्या किती जणांनी असा विचारपूर्वक धोका पत्करलेला असतो? बहुतेकांचा विचार ‘इथे कोपऱ्यावर तर जायचे आहे’ एवढाच असतो. तो स्वातंत्र्याचा उच्चार नसून सवय असते. आणि मागे बसलेल्या मुलाच्या बाबतीत तर स्वातंत्र्याचा युक्तिवाद मुळीच टिकत नाही. त्याचा निर्णय दुसऱ्यानेच घेतलेला असतो.

सक्ती कशी असावी?

सक्तीचे तत्त्व मान्य केले, तरी तिच्या पद्धतीविषयीचा नागरिकांचा संताप अनाठायी ठरत नाही. वळणाआड दबा धरून एकाएकी गाडीपुढे येणारा पोलीस स्वतःच अपघाताला निमंत्रण देतो. महिनाअखेरीस कारवाईचा जोर वाढला, की हेतू सुरक्षिततेचा की तिजोरीचा, अशी शंका येणारच. वर्षातून एक सप्ताह मोहीम आणि उरलेले एक्कावन्न आठवडे सामसूम, यातून लोक एकच धडा शिकतात, की थोडे दिवस कळ काढली की झाले.

इंधन रोखण्याचा उपायही वेळोवेळी योजला गेला. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी जुलै २०१६ मध्ये राज्यात हेल्मेटविना पेट्रोल न देण्याची घोषणा केली आणि विरोधानंतर ती सौम्य करावी लागली. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून पोलिसांनी असाच प्रयोग केला. हेतू चांगला असला तरी कायदा राबवण्याचे काम पंपावरील कामगाराकडे सोपवणे योग्य नाही. त्याला ना अधिकार असतात, ना संरक्षण. पंपावर पाच मिनिटे उसने हेल्मेट घालण्याची युक्ती तर लोकांना पहिल्याच दिवशी सुचते.

परिणामकारक सक्तीला दंडाच्या रकमेपेक्षा दंडाची खात्री अधिक महत्त्वाची असते. हजार रुपयांचा क्वचित होणारा दंड लॉटरीसारखा वाटतो. लहान रकमेचा पण न चुकणारा दंड सवय बदलतो. कॅमेऱ्यांवर आधारित ई-चलन हा त्या दृष्टीने रस्त्यावरच्या अडवणुकीपेक्षा बरा मार्ग आहे. मात्र चुकीच्या चलनाविरुद्ध दाद मागण्याची सोपी सोयही त्याला जोडलेली हवी. कारवाई स्वतःच्या खात्यापासून, शासकीय कार्यालयांपासून आणि लोकप्रतिनिधींच्या दुचाकी फेऱ्यांपासून सुरू झाली, तर तिला नैतिक बळ येईल.

सरकारची बाजू येथे संपत नाही. जी वस्तू सक्तीची केली, ती दर्जेदार मिळेल याची हमी देणे हे सक्ती करणाऱ्याचे कर्तव्य ठरते. १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र नसलेली दुचाकीची हेल्मेट बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. तरीही पदपथांवर बनावट आयएसआय शिक्क्यांची हेल्मेट सर्रास विकली जातात. ती विकत घेणारा दंड चुकवतो आणि आपण सुरक्षित आहोत अशा भ्रमात राहतो. डोके उघडे ठेवणाऱ्याला पकडणारी यंत्रणा, खोटे शिरस्त्राण विकणाऱ्याकडे तेवढ्याच तत्परतेने वळायला हवी. दुचाकी विकताना मानकांनुसार हेल्मेट देण्याची जबाबदारी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. तिचे पालन होते का, हेही तपासले जावे. रेल्वे स्थानके, मंडया, रुग्णालये येथील वाहनतळांवर हेल्मेट ठेवण्याची माफक दरातील सोय ही किरकोळ वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात लोकांच्या निर्णयावर मोठा परिणाम करू शकते.

आणि शेवटी प्रश्न उरतो तो माघारीचा. प्रत्येक वेळी सक्ती जाहीर करून ती मागे घेतल्याने हेल्मेटचेच नव्हे, तर कायद्याचेही अवमूल्यन होते. पुरेसा आवाज केला की कायदा मवाळ होतो, हे एकदा कळले की तो धडा सिग्नल, एकेरी मार्ग, मद्यपान या सर्वांना लागू पडतो. कायदा नको असेल तर संसदेत तो बदलून घेण्याचा मार्ग खुला आहे. कायदा कागदावर ठेवायचा आणि रस्त्यावर तो मोडण्याची मूक मुभा द्यायची, हा मध्यममार्ग दिसायला लोकाभिमुख असला तरी त्याची किंमत मोजणारे लोक मोर्चात नसतात. ते शासकीय अहवालाच्या पुढच्या वर्षीच्या तक्त्यात एका आकड्यात मिळून जातात. तो आकडा लहान व्हावा असे वाटत असेल, तर सरकारने सातत्य दाखवले पाहिजे आणि नागरिकांनी पोलीस दिसण्याची वाट न पाहता हनुवटीखालचा पट्टा बांधला पाहिजे.